काळूरामच्या ट्रेलरला डिस्क ब्रेक

...आणि वर लोक विचारतात, काय रे काळूराम, ब्रेक नवे बसवलेस ना? बसवलेत! डिस्क ब्रेक बसवलेत, ट्रेलरला! तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या खाडीत बोटीच्या ट्रेलरला डिस्क ब्रेक असलेला हा एकटा माणूस, आणि त्याच्याच वाट्याला हे यावं? अहो, ब्रेकचं काम एकच... थांबवणं!

काळूरामची बोट पर्यटकांना फिरवते, त्यावर घर चालतं. पावसाळाभर बोट ट्रेलरवर अंगणात, दसऱ्याला परत पाण्यात. गेल्या वर्षी जुन्या ब्रेकच्या ड्रममध्ये खारं पाणी शिरून सगळं असं गंजलं, की ट्रेलर धक्क्याच्या उतारावर मध्येच जाम! ओहोटी लागली, बोट कलंडली, तळ फुटला, अर्धा सीझन बोंबलला. यंदा तसं झालं तर बोट विकून कंटेनरवर ड्रायव्हर, हे त्यानं घरात सांगूनच टाकलं होतं. म्हणून गेला अलिबागला, परेश मेकॅनिककडे. परेश म्हणाला, ड्रम काढ, डिस्क घाल, उघडी चकती असते, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटतात, आत पाणी साचायचा प्रश्नच नाही, फक्त गोड्या पाण्यानं धूत जा. झालं! घरी आल्यावर गडी आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला वाकवून वाकवून चकत्या दाखवत होता.

दसऱ्याला ट्रेलर धक्क्यावर आला. काळूरामच्या आयनं, ठमीबाईनं, नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू वाहिलं. काळूरामनं ट्रेलरचा हँडब्रेक ओढला आणि जीप सोडवायला घेतली, कारण पुढे दोरानं हळूहळू उतरवायचा असतो. शेजारचा रघू म्हणाला, चाकाखाली दगड ठेवू का? हा हसला हो! डिस्क हाय, म्हणाला. जीप सुटली, आणि ट्रेलर... निघाला! दोर बांधायला तरी थांबशील की नाही? ब्रेकचं काम एकच ना, थांबवणं? पण तो गेला सरळ पाण्यात, बोट त्यावरून तरंगत सुटली आणि एकटीच चालली पलीकडच्या काठाला. काळूराम खिशातल्या मोबाईलसकट उडी टाकून पोहत सुटला. खडकापासून हातभर अंतरावर धरली तिला.

ट्रेलर गाळात रुतला, तो तिसऱ्या दिवशी निघाला. तोवर काळूरामनं रघूच्या फोनवरून परेशच्या सात पिढ्या उद्धरल्या. परेश बिचारा धावत आला, चकतीवरून बोट फिरवलं, बोट काळंकुट्ट. विचारलं, हे तेल कुणी लावलं?

"मीच," ठमीबाई म्हणाली. "जीपचं जळकं ऑइल, चांगलं चोपडून. बघ ना, सारा ट्रेलर गंजला, चकत्यांना डाग तरी हाय का?"

नव्हता हो! आता सांगा, कुणावर ओरडायचं? आमच्याकडे खारी हवा, कोयता असो की कडीकोयंडा, लोखंड म्हटलं की तेलाचा बोळा फिरलाच पाहिजे, तिचा जन्म त्यातच गेला. पण ब्रेकला? अहो, त्याचं काम एकच, थांबवणं!

परेशनं चकत्या पुसल्या, पॅड नवे घातले, आणि ठमीबाईकडून कबूल करून घेतलं, की काळं ऑइल यापुढे चकतीला लागणार नाही. व्हय म्हणाली. ट्रेलरवरून सुटताना बोटीच्या बुडाला खरचटलं होतं म्हणून ती वर काढली होती, ती काल पुन्हा उतरवायची होती. जीप सुटली, हँडब्रेक ओढलेला, आणि ट्रेलर इंचभर सरकला. काळूरामनं आयकडे पाहिलं.

"ते काळं न्हाय हां लावलं," ती म्हणाली. "घरच्या खोबऱ्याचं लावलंय."

काळूरामनं सदरा काढला, मोबाईल रघूच्या हातात दिला, आणि ट्रेलरच्या आधी खाली जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला.