अर्धी कोणाची

दर सोमवारी मी देवापुढं एक वात जास्तीची का लावते, विचारता ना? ती दवाखान्यातल्या सिकलसेलच्या मॅडमसाठी.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच साली माझ्या लेकीला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार, निघाला. सासूबाई म्हणाल्या, "हिनं सोळा सोमवार मधातच सोडले, म्हणून झालं." मलाही ते खरंच वाटायचं. सासूबाई पोरीला कडेवरसुद्धा घेत नव्हत्या.

समजावून सांगायला मॅडमनी आम्हाला पोरीसकट मोताळ्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यात बोलावलं. त्या नवीनच होत्या, 'जनुक', 'वाहक' असं पुस्तकातलं बोलत होत्या.

"बाई, मराठीत सांग ना वं!" सासूबाई म्हणाल्या. मॅडम रडकुंडीला आल्या.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "आई, कपाशीचं बीटीचं बी अन् साधं बी वरून सारखंच दिसते ना? गुण आत राह्यते. तसंच असन हे."

"अगदी तसंच, दादा! आम्हाला हे असं शिकवलंच नव्हतं," म्हणत मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. "आजी, हा गुण आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला तरच आजार होतो. उपासाचा काही संबंध नाही."

"म्हणजे आमच्या घरचाबी?"

"हो, अर्धा तुमच्याकडचा."

सासूबाईंनी माझ्यापुढं हात पसरले.

"आण वं पोरीले इकडं. अर्धी माह्यी हाय."