काडीचं माप

माझं माहेर आंदर मावळातलं, ताई. वर डोंगर, खाली भातखाचरं, आन आमी पाच भावंडं. पायात घालायचं काय आसतं ते लग्नापत्तुर ठावंच नव्हतं म्हना ना. काटा मोडला तर आय सुईनं काढायची, वर बिब्ब्याचा चटका द्यायची, आन म्हनायची, जा आता गुरांमागं, लय लाड नगं. टाचा आशा निबार झालत्या की खडीवरनं पळायचो. पयली चप्पल मिळाली ती लग्नात, आन ती घालून मला धड चालताच यीना, तर सासूबाई म्हनल्या, ही काय बगळ्यावानी पाय उचलतीया गं बया. समदा मांडव हसला, मी बी हसले.

तर मंग लगीन होऊन हितं लोनावळ्याला आले. मालक रिक्षा चालवत्यात, पन रिक्षा दुसऱ्याची. मी खंडाळ्याला एका बंगल्यावर जाते, झाडलोट, भांडी, चादरी बदलायच्या. शनवार-रविवार मान वर करायला सवड न्हाई. पाव्हनं आलं की दारात पंधरा-वीस जोड इकडं-तिकडं पडल्यालं आसत्यात, ते वळीनं लावायचं काम बी माझंच. लेकरांचे तर कसले कसले बूट बघा, चाललं की टाचंत लाल दिवा लागतो. हातात घेतलं की कळतं, हलकं म्हंजी किती हलकं, आन आतनं मऊ मऊ. एकडाव मी त्यात हात घालून बघितला. दुसरं काय न्हाई, नुसता हात घातला. तर वाचमन मागनं खाकरला, म्हनला, मावशी, काय शोधताय? काय सांगू तुमाला, लाजंनं मेले. चोरी करत व्हते का मी?

मला दोन लेकी. थोरली कोमल, धाकटी आरती, दोघींत सहा वर्साचं आंतर. कोमल चौथीपत्तुर झेडपीच्या शाळंत व्हती, तितं चपलीवर चालायचं. पाचवीला मोठ्या शाळंत घातली आन तितनं ह्ये बुटाचं मागं लागलं. काळा बूट, पांढरा मोजा. दारातच सर उभे, चपलावाली पोरं बाजूला काढायचे, प्रार्थना हुईपत्तुर समद्यांम्होरं उभी. पोरगी रडत आली म्हनून बूट घेतला, न्हाईतर आमाला कुटलं सुचतंय.

आता माप कसं घ्यायचं, तर आमच्यात काडीनं घेत्यात. खराट्याची काडी घ्यायची, पोराला भुईवर उभं करायचं, टाचंपासनं आंगठ्यापत्तुर काडी लावायची आन तितंच मोडायची. बाजारला पोरं न्हेत न्हाई आमी. तिकीट काढा, वर तितं गेल्यावर भेळ पायजे, क्लिप पायजे, त्यापरीस काडी कमरंला खोचायची आन एकटीनं जायचं. कामशेतला बाजारच्या दिशी बुटावाल्यांची पालं आसत्यात. तितला बाबा काडी बुटात घालून बघतो, म्हनतो, काडीच्या म्होरं एक बोट वाढीव घ्या मावशी, पोरीचा पाय हाय, वाढनारच. मी दोन बोटं घ्यायची. म्होरं चिंधी कोंबायची, पाय वाढंल तशी चिंधी काढायची. पयल्या वर्साला तो बूट नुसता फटक फटक वाजायचा, तर कोमल म्हनायची, आई, माझ्या आदी माझा बूट वर्गात पोचतो. लय इनोदी व्हती पोरगी तवा.

आन हितला पाऊस तर तुमाला ठावं हाय. चार म्हयनं काय वाळत न्हाई. बूट चुलीपाशी ठिवला की पापडावानी कडक व्हतो आन आखडतो. तळवा सुटला की शिवून आना, परत सुटला की परत शिवा. दिवाळी गाठली तर जितलं म्हनायचं.

कोमल सातवीत गेली त्या साली आरती पयलीत. धाकटीच्या शाळंत पयलीपासनंच बूट. आन नेमकी त्याच साली रिक्षा मूळ मालकानं काढून घेतली, ह्ये दोन म्हयनं घरी. मी म्हनलं, आवं, दोघींना बूट लागत्याल. तर मालक वैतागले, म्हनले, दरसाल ह्यांचं पाय वाढत्यात, मी कुटनं आनू, कापून टाका आता पाय. रागात मानूस काय बी बोलतं, ताई. ते तसं वाईट न्हाईत, पोरींवर जीव हाय त्यांचा. पन कोमल मोरीपाशी भांडी घासत व्हती, तिनं आयकलं. आयकलं ह्ये आमाला कुटं ठावं?

दुसऱ्या दिशी सकाळी मी काडी घेऊन बसले. म्हनलं, ये गं, उभी ऱ्हा. ती मोजा घालूनच आली. म्हनलं, मोजा काढ. तर म्हनती, भुई गार लागतीया गं, घे की वरनंच. मला बी घाई, बंगल्यावर जायचं, समदा जीव घड्याळाकडं. काडी लावली तर गेल्या सालच्या मापात तसूभर फरक न्हाई. मी म्हनलं, आगं बया, तुझा पाय वाढायचा थांबला की गं! आन मी हसले. खूश झाले मी, ताई. शेजारनीला बी सांगितलं, आमच्या कोमलचा पाय बारीकच ऱ्हानार, माझ्यावर गेलीया. तिचा जुना बूट शिवून आनला आन नवा जोड आरतीला घेतला.

म्होरल्या साली तिचा बूट पार फाटला तवा नवा घेतला, पन त्याच काडीचा. आन वाढीव बोट बी धरलं न्हाई, कारन पाय तर थांबला व्हता ना. बुटावाला म्हनला बी, मावशी, घ्या की मोठा. मी म्हनलं, नगं बाबा, उगं मोठा घ्यायचा आन पोरीनं ठेचकाळायचं. त्याला मी आक्कल शिकवली, बघा. आसं दहावीपत्तुर चाललं.

आंगानं पोरगी उंच व्हत चालली, माझ्या डोक्यावरनं बघायला लागली, आन पाय मातर सातवीतलाच. मला आंधळीला त्ये दिसलं न्हाई. ती शाळंतनं आली की उंबऱ्यावरच बूट काढायची, मोरीत जाऊन पाय धुवायची, मोजे बी सोताच धुवायची. मला वाटायचं, पोर शानी झाली, कामाची झाली. मोज्याला रगात लागल्यालं आसायचं म्हनून ती धुवत व्हती.

बारावी झाली आन म्हनली, आई, मला पोलिसात जायचंय. तिला लहानपनापासनं तेच. वस्तीतल्या दोन पोरी सकाळच्या पळायला जायच्या, त्यांच्यासंगं ही बी जायला लागली. कागूद भरला, लेखीचा आभ्यास तर तोंडपाठ. घरात आमी तिला साहेब म्हनायला लागलो. मालक म्हनायचे, साहेब, रिक्षाची पावती फाडू नका आमची. आसं घर हसत व्हतं, ताई, तवा.

आन पळायच्या परीक्षेला गेली तर निम्म्यात बसली. बसली ती उठलीच न्हाई. बरूबरच्या पोरींनी धरून घरी आनली. मोजा निघंना, चिकटला व्हता, कोमट पान्यानं सोडवला. आन मी माझ्या लेकीचा पाय इतक्या वर्सांनी बघितला. बोटं आशी खाली मुडपल्याली, येकावर येक चढल्याली, आंगठ्याचं नख मासात घुसल्यालं.

तळेगावला डाक्टरकडं न्हेली. त्यांनी फोटू काढला, म्हनले, हाडं तशीच धरलीत आता, आपरेशन करावं लागंल, आदी एका पायाचं मंग दुसऱ्याचं, आन तरी पळन्याचं मी सांगू शकत न्हाई. मंग म्हनले, वाढीच्या वयात लहान बूट घातल्यात हिला, कुनी घातलं? मी म्हनलं, मीच घातलं, सायब.

घरी येऊन तिला इचारलं. म्हनलं, आगं, काडी तर बरूबर यायची. तर म्हनली, मी मोज्यात बोटं वळवून उभी ऱ्हायचे. तुझी घाई आसायची, तुला कळायचं न्हाई. म्हनलं, आगं पन दुखतंय म्हनून एका शब्दानं सांगायचं न्हाईस व्हय? ती म्हनली, सांगून काय केलं आसतंस? रागानं न्हाई म्हनली. सादं इचारलं तिनं, जेवलीस का इचारावं तसं. खरंच, काय केलं आसतं मी?

मालकांना मी त्ये पाय कापायचं बोलल्यालं आठवून दिलं. ते म्हनले, मी? मी आसं कवा म्हनलो? त्यांच्या ध्यानात बी न्हाई. तवापासनं पोरगी घरात चालाया लागली की ते भाईर जाऊन बसत्यात.

आता कोमल चिक्कीच्या दुकानात हाय. दिसभर उभ्याचं काम. म्होरनं उघडी चप्पल घालती, त्यात बी टाचंवर भार टाकून चालती. आपरेशनचं नाव काढलं की म्हनती, दोन-तीन म्हयनं बसून ऱ्हायले तर काम टिकंल का? बघू म्होरं. पुस्तकं समदी आरतीला देऊन टाकली. हसती, बोलती, पन साहेब आता आमी तिला म्हनत न्हाई.

आन आरती आता आठवीत गेली. काडी मी बंद केली. परवा तिला संगं घेऊन दुकानात गेले. पोरीनं बुटात पाय घातला, आन पायाकडं बघायच्या आदी माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग म्हनली, बसतोय गं आई, मस्त बसतोय. मी खाली बसून आंगठ्यानं दाबलं, बूट कडक, काय कळंना. म्हनलं, आरते, माझी शपथ हाय, खरं सांग. ती म्हनली, तुझ्या गळ्याची शपथ, बसतोय. माझ्या लेकी माझ्यापायी शपथ बी खोटी घेत्याल, ताई. मी म्हनलं, भाऊ, एक नंबर मोठा द्या.

आता शाळंतनं आली की रोज तिचं पाय मांडीवर घेते आन एकेक बोट सरळ करून बघते. ती पाय वढून घेती, म्हनती, नगं गं, गुदगुल्या व्हत्यात. व्हत बी आसत्याल. मी रोज तिच्या तोंडाकडं बघत बसते, आन मला काय सुदीक कळत न्हाई.