आईच्या मुठीची सुरी

सुरीचा विषय निघालाच हाय, तर सांगतो. लढाईवरनं रजेवर आलो तवा आईला मटण कापायला सुरी करून घ्यावी म्हणून लॉरीच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्याचा तुकडा घेऊन कुंडल गावच्या लोहाराकडं गेलो. म्हटलं, "तात्या, मूठ बारीक ठेवा. आईचा हात लहान हाय."

तात्या म्हणाले, "जाडच लावतो. तिची बोटं आता पुरती मिटत न्हाईत."

मला राग आला. "आवं, आई माझी. तुमाला काय ठावं?"

भाता न थांबवता ते म्हणाले, "तू गेल्यापास्नं तिच्या खुरप्याची मूठ तीनदा जाड केलीया, गड्या."

मी पाट्याचा तुकडा तात्यांच्या हाती दिला. आईच्या प्रत्येक पत्रात एकच असायचं, घरी समदं खुशाल हाय.