मागची चिंच

वारलेल्या वडिलांचा फोटो मोठा करून घ्यायला शिवणकामवाल्या बाई स्टुडिओत आल्या होत्या. पुढे एक आजोबा होते. हातातला स्वतःचा फोटो ते उलटसुलट करून बघत होते.

“यात चिंच कुठंय?”

“कुठली चिंच, आजोबा?” फोटोग्राफरने विचारलं.

“मी टेकून उभा होतो ती.”

“मागचं सगळं साफ केलं. तुमच्या वयाची माणसं तसाच फोटो मागतात, भिंतीवर लावायला. चेहरा बघा कसा उठून आलाय.”

“चेहरा पाठ आहे तिला. बायको दवाखान्यात आहे माझी. झाड दिसत नाही म्हणून जीव खालीवर होतो तिचा.”

“मूळ फोटो पुसला हो मी. उद्या येऊन परत काढतो.”

“काल पाडली. रस्ता रुंद होतोय.”

“मग दुसरी एखादी चिंच टाकतो मागे. कुणाला कळतंय?”

“तिने लावलेली आहे. फांदी न् फांदी ओळखते. पाडल्याचं सांगितलं नाहीये अजून, फोटो दाखवून वेळ मारून नेणार होतो.”

“चुकलं माझं. हा तरी घेऊन जा, पैसे नकोत.”

“असू दे इथेच. भिंतीवर लावायची वेळ आली की मुलगा येईल न्यायला.”