आठ शंकरपाळ्यांचं गाव

...आणि वर मलाच विचारते, "तुझी चक्की बंद पडली का गं?" आता तुम्हीच सांगा, मांडीवर लॅपटॉप, चक्की कुठली? पण मावशीआजीला, म्हणजे आमच्या आईच्या मावशीला, नर्मदाबाईंना, समजावणार कोण? चूक माझीच. आमचा श्रेयसदादा बाहेरगावी नदीच्या अभ्यासाच्या लॅबमध्ये आहे, त्यानं मला फोनवर सांगितलं की धार जिल्ह्याच्या त्या टोकाला धरणामुळे नर्मदेचं पाणी चढायच्या आधी सगळ्या काठाची ड्रोननं मोजणी झाली होती, अब्जावधी ठिपके, इतके की आपल्या घरात काय, अख्ख्या देवासच्या लॅपटॉपांत मावायचे नाहीत, म्हणून ते तिकडेच राहतात आणि आपण जिथे बघू तेवढंच चित्र इकडे येतं, आधी जाडंभरडं, मग बारीक, मग आणखी बारीक, खाली एक ते पाच अशी पट्टी आहे ती सरकवायची... आणि हे सगळं मी शहाणपणा करून मावशीआजीला सांगितलं! ती म्हणाली, "हां, दळणासारखं. आमचं गाव काढ बघू. जरा बारीक दळ गं."

काढलं. एकावर गाव म्हणजे काय, तुम्हाला सांगते, आठ चौकोन! ताटात आठ शंकरपाळे मांडावेत तसे, त्यातले दोन निळे.

"निळे का? पाणी आत्ताच शिरलं का मेलं?"

"नाही गं, निळं म्हणजे सखल जमीन. पाणी नंतर आलं."

ती दोन मिनिटं गप्प. आमच्या घरी मावशीआजी दोन मिनिटं गप्प बसली तर पप्पा टीव्ही बंद करून नाडी बघायला येतात! मग उठली, देवघरातून कुंकू आणलं आणि मी नको नको म्हणतेय तोवर एका शंकरपाळ्याला लावलंसुद्धा. "हे आमचं घर. जरा बारीक दळ गं."

दोनावर गेले. घर कसलं, तो सरपंचांचा गोठा निघाला! मी चित्र सरकवलं तर कुंकू जागच्या जागी आणि गाव खालून सरकतंय... गोठ्याचं कुंकू विहिरीला, विहिरीचं शाळेच्या पत्र्याला! मी ओढणीनं पुसायला गेले तर तिनं माझा हात धरला. "कुंकू पुसायचं नसतं गं." चार वर्षं झाली तिचं पुसून. मी ओढणी मागे घेतली.

तिनावर नेट अडकलं. पप्पांनी केबलवाल्याला फोन लावला, "तरुण भिया, फिर अटक गया!" तिकडून तेच उत्तर, "अशोक भिया, डब्बा बंद करके चालू करो ना!" आमच्या गल्लीतलं नेट आणि आमची स्कूटर, दोन्ही बंद केल्याशिवाय चालूच होत नाहीत. आणि इकडे हिचं चालूच, जरा बारीक दळ, जरा बारीक दळ...

चारावर घर आलं. छप्पर, अंगण, ओटा. आणि ओट्यावर गुळाच्या खड्याएवढा एक उंचवटा, त्याच्यावर तिरकी काडी.

मावशीआजी म्हणाली, "हे!"

ती आजोबांचं नाव घेत नाही. नुसतं 'हे'. तर ड्रोन आला त्या दिवशी हे म्हणे ओट्यावर बसून होते, सगळं गाव बघायला पळालं पण हे उठले नाहीत, काठी उगारली आणि ओरडले, "जा, सांग जाऊन, मी हलणार नाही!" नंतर पाणी आलं, हलावं लागलंच, देवासच्या भाड्याच्या खोलीत चौथ्या महिन्यात गेले. फोटो दोनच, एक लग्नातला आणि एक आधार कार्डावरचा, दोन्हींत असे बघतात जणू आपण त्यांची चप्पल पळवलीये! आणि इथे आपल्या ओट्यावर, ऐटीत! कोणी म्हणेल पोतं असेल. पोतं काठी उगारतं का?

मग रोज दुपारी चार वाजता चारावर हे. चहाचे दोन कप आणायची, एक लॅपटॉपजवळ ठेवायची आणि मग दोन्ही स्वतःच प्यायची! आठवड्यानं म्हणाली, "नाक दिसेल का? जरा बारीक दळ गं."

पाचावर नेलं. छपराचं कौलन्‌ कौल आलं. ओट्याची फुटलेली कड आली. आणि ओटा... रिकामा.

पुन्हा चार, आहेत. पाच, नाहीत. चार, आहेत!

आता मला गप्प बसायला काय झालं होतं? वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी मी, दादाला फोन लावला! दादा म्हणाला, "अगं, जे हलतं ते आम्ही काढून टाकतो. माणसं, गुरं, कुत्री. पण ते चारावर अजून आहेत? म्हणजे सफाई फक्त पाचावर झाली, एक ते चारच्या पायऱ्या जुन्याच राहिल्या! वा इरा, आमच्या कोणाच्या लक्षात नाही आलं! आजच करतो दुरुस्त." मी म्हणाले, "दादा, नको..." पण ते मी इतकं हळू म्हणाले की मलाच नीट ऐकू आलं नाही, आणि फोन बंद. मग उचलेचना. संध्याकाळी मेसेज, 'झालं! चूक शोधणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव घातलंय.'

दुसऱ्या दिवशी चार वाजता चारावर ओटा झाडून पुसून स्वच्छ. मी सगळं खरं सांगितलं. मावशीआजी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "हलतं ते काढतात होय? हे तर हलायला तयारच नव्हते." आणि मग, "जाड कर."

तिनावर नेलं. ओटा गेला.

"अजून जाड."

दोन. घर गेलं. एक. आठ शंकरपाळे. तिनं चष्मा पुसला, एका शंकरपाळ्यावर बोट ठेवलं, कुंकवाशेजारी.

"हं. राहू दे असंच. ह्यात असतील कुठेतरी."

तेव्हापासून रोज चार वाजता, दोन कप चहा आणि एकावर गाव. जरा बारीक दळ म्हणत नाही आता. आणि तुम्हाला सांगते... नेट एकदाही अडकत नाही!