वारा पडला तेव्हा

ताई : आधी तराफ्यावरून पाण्यात हात घाल, मग माझ्याशी वाद घाल.

धाकटा : घातला. कोमट आहे. उन्हाळ्यात समुद्र काय बर्फ असणार? हवामान खात्यात लागल्यापासून तुला जिथं तिथं संकटच दिसतं.

ताई : कोमट? हे अंघोळीचं पाणी आहे. मासे बघ तुझे, तोंडं वर काढून धापा टाकतायत. मासे पाळायच्या या जाळीच्या पिंजऱ्यांचे तळ कोणी वर ओढले?

धाकटा : मीच. समुद्र शांत झाला की जाळी वर घ्यायची, शेवाळ खरवडायचं. नेहमीचंच आहे.

ताई : आणि मासे कंबरभर पाण्यात कोंडायचे! अरे, समुद्र शांत आहे हीच तर भीती आहे.

धाकटा : ऊन दरवर्षी असतं गं.

ताई : ऊन असतं, पण वाराही असतो. वारा पाणी घुसळतो, वरचं तापलेलं खाली जातं, खालचं गार वर येतं. आता वारा पडलाय, आभाळात ढग नाही. सगळं ऊन वरच्या पातळ थरातच मुरतंय. पातेलंभर दूध आणि पळीभर दूध एकाच आचेवर ठेव, आधी काय उकळेल?

धाकटा : पळीभर.

ताई : त्यात समुद्र मुळातच वर्षागणिक तापत चाललाय. एवढं निमित्त पुरतं.

धाकटा : म्हणजे मी हातानं उचलून त्यांना तव्यावर ठेवलं?

ताई : ते नंतर. दोर सोड, तळ खाली जाऊ देत.

धाकटा : कप्पी अडकलीय. ताई, हा मासा उलटा झाला. तो बघ, तोही. दोर हलतच नाहीये गं, काय करू?

ताई : सरक. दोघं मिळून ओढू. अजून. सुटली!

धाकटा : गेले खाली. वाचतील ना? यांच्याशिवाय आपल्याकडे काही नाही.

ताई : तळाशी पाणी जरा गार आहे. जरासंच. पण गरमी रोज खाली उतरतेय, आणि पिंजरा याहून खोल जात नाही.

धाकटा : मग?

ताई : मग वारा हवा. चांगला सोसाट्याचा. दुसरं औषध मला माहीत नाही. थांब, आईचा फोन.

(ताई फोन स्पीकरवर टाकते.)

आई : तराफ्यावरच आहात ना दोघं? असा समुद्र असला की माझ्या जिवाला घोर नसतो बघ. पान हलत नाही.

धाकटा : आई, मासे मरतायत. पाणी तापलंय. वारा सुटला तरच वाचतील.

आई : वारा? तुमच्या बापाला घेऊन गेला, तो?

ताई : हो आई. तोच.





आई : सुटू दे म्हणावं. पण तुम्ही दोघं आधी घरी या.