डाव्या डोळ्याची बाहुली

नाही हो, चष्मा नाही बनवणार मी हिचा—आज तरी नाही. बसा. गाडी बोलावलीय, पाच-सात मिनिटांत येईल, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं, मधे घरी-बिरी थांबायचं नाही. तिला राहू दे त्या खुर्चीत, पेंगली तर हाक मारून बघत राहा, ओ देते का. काय म्हणालात—फळ्यावरचं दिसत नाही अशी शाळेतल्या बाईंची तक्रार आहे? दिसतं हो तिला. आत्ता तुमच्यासमोर एकेका डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं की नाही? दोन्ही उघडले की मात्र एकाची दोन अक्षरं दिसतात. म्हणून मान अशी वाकडी करून बघते, तुम्हाला वाटलं लाडात आलीय. आणि हा टॉर्च—बाळा, इकडे बघ, माझ्या नाकाकडे—बघा, उजवी बाहुली उजेड पडला की बारीक होते. डावी बघा. ढिम्म हलत नाही.

कधी पडली? नाही, पडली का असं नाही विचारत मी, कधी पडली ते विचारतोय. झोपाळ्यावरून—बरं—आठ दिवस झाले, टेंगूळही उतरलं. टेंगूळ उतरतं हो, ते बाहेरचं असतं. सकाळी उठल्या-उठल्या उलटी होते? तीनदा? आणि तुम्हाला वाटलं शाळा चुकवायची नाटकं. वाटतं तसं, तुम्हाला एकट्याला नाही, सगळ्यांना वाटतं. चिडचिड करते, दुपारची झोपत नव्हती ती आता ताटावरच झोपते—मग हे तुम्ही मला आल्या-आल्या का नाही सांगितलंत? बरोबर आहे, चष्म्याच्या दुकानात उलट्यांचं कोण सांगतं.

मी डॉक्टर नाही, एकवीस वर्षं नुसते नंबर काढतोय. पण माझी भाची होती—आहे, आहे, होती काय म्हणतोय मी. सख्ख्या बहिणीची मुलगी, तेव्हा सात वर्षांची, आम्ही ठमी म्हणायचो. तोंडाची टकळी अशी, की दुकानात आली की गिऱ्हाइकं खरेदी विसरून तिचंच ऐकत बसायची. एका दुपारी बहीण तिला घेऊन आली—दादा, जरा बघ रे हिच्याकडे, पाणी ओतते ते पेल्याच्या बाहेर, बुटाची नाडी चांगली बांधायची, आता बांधता येत नाही, डोळे दुखतात म्हणते. बहीण शिवणकाम करते, मशीनवर काम तसंच ठेवून आलेली, घाईत. जाता-जाता म्हणाली, मागच्या आठवड्यात न्हाणीघरात घसरली होती, पण लगेच उठून खेळायला लागली. ठमी त्या दिवशी गप्प होती हो. एक शब्द नाही. मी म्हटलं, शहाणी झाली वाटतं.

दोन दिवसांनी शाळेतून फोन—मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपलीय, उठत नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं. कवटी उघडावी लागली. अकरा दिवस आम्ही आयसीयूच्या काचेबाहेर उभे. वाचली. आता बाराची आहे, उजवा हात नीट उचलता येत नाही, आणि मामा म्हणायचं असलं की आधी ओठ जुळवते, मग थांबते, मग म्हणते. मी तेवढा वेळ दुसरीकडे बघतो.

बहीण अजून म्हणते, चूक माझीच, मी फरशी कोरडी केली नव्हती, मी आधी आणायला हवं होतं. पाच वर्षं हेच. ताडकन उठते जेवताना आणि हेच म्हणते. आणि मी तिला म्हणतो, नशीब. काय म्हणणार? तिला काय माहीत—टॉर्च मी त्या दिवशीही मारला होता. म्हणजे दिसलं असं नाही, वाटलं, डावी जरा मोठी वाटली. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती. वाटलं टॉर्चचा सेल उतरलाय. वाटलं, उगाच कशाला बहिणीला घाबरवायचं. आणि नंबर तरी कुठं निघत होता—शून्य होता, दोन्ही डोळ्यांना शून्य. मी साध्या काचा बसवून दिल्या. फ्रेम तिला आवडली होती ना, जांभळी. म्हटलं, घाल, बरं वाटेल. घातली तिनं.

काय? बहिणीला सांगितलं का?

ती बघा गाडी आली. उचला तिला—हळू, मानेखाली हात द्या. हॉस्पिटलच्या दारात विचारतील काय झालं, तर पहिला शब्द ‘पडली’ हा सांगा, मग उलट्या, मग डावी बाहुली. बसवून ठेवलं तर बसू नका, परत सांगा, ओरडून सांगा. हिच्या आईला फोन गाडीतून करा. नाही, पैसे-बिसे काही नाही. आणि ते—ते राहू दे तुम्ही विचारलंत ते. जा. जा म्हणतो ना.